जीपचे पाटे

भावसिंगानं दुसरा नट अर्धा फिरवला होता, तेवढ्यात मागून आलेल्या थोरल्या भावानं, हिरासिंगानं, त्याच्या हातातला पाना हिसकावला आणि तुराट्यांच्या ढिगात भिरकावून दिला.

“कोणाले विचारून हात लावला?”

रेंगी, त्यांची हलकी बैलगाडी, मागच्या बुडावर टेकून, दांड्या वर करून उभी होती. भावसिंग तिच्या आखाखाली जसा बसला होता तसाच बसून राहिला. हाताचं ग्रीस त्यानं हळूच धोतराच्या कडेला पुसलं.

“परवा पट हाये, भिया.”

“चुलीत गेला तुहा पट.”

“पट झाला का परत बसवून देतो. एका दिवसाचं काम हाये.”

“मागल्या साली बी असंच म्हणलतं तू. अन् महिनाभर पाट्याले हात लावला नाई. महिनाभर याडी आदळत गेली ढाणकीले. तुले लाज नाई वाटली?”

भावसिंगानं तोंड उघडलं. मग झोपडीच्या दाराकडे पाहिलं. तिथं त्यांची याडी, म्हणजे आई, सुखीबाई पाय लांब करून, सूप मांडीवर घेऊन तुरी पाखडत होती. तिचं सूप थांबलेलं होतं. भावसिंगानं उघडलेलं तोंड मिटलं आणि तो तुराट्यांत पाना शोधायला उठला.

हे असं तोंड मिटणं हिरासिंगाला सगळ्यात जास्त झोंबायचं. माणसानं भांडावं, शिवी द्यावी, वेळ पडली तर अंगावर यावं. हा आपला मुक्या जनावरासारखा उभा राहायचा, आणि मग सगळ्या तांड्यात हिरासिंगाचाच आवाज तेवढा ऐकू जायचा. लोक म्हणायचे, हिरासिंगाच्या नाकावर राग आहे. नाकावर होता हे खरंच, पण तो आला कुठून, हे कोणी विचारलं नाही.

घरात गाड्या दोन. शेताची मोठी बंडी हिरासिंगाकडे, आणि ही हलकी रेंगी भावसिंगाकडे. रेंगीला दोन कामं. दर बाजाराच्या दिवशी आईला घेऊन ढाणकीच्या हाडवैद्याकडे जायचं, आणि संक्रांत उलटली की शंकरपटात धावायचं. एकच गाडी, तीच हरण्या-पाखऱ्याची जोडी. पटात सरळ धावपट्टी, शेजारी दुसरी जोडी, आणि डोळ्याचं पातं चारदा लवेपर्यंत सगळा खेळ खलास. तिथं अवघी मदार सुटण्यावर. झुलणारी गाडी तिथं कामाची नाही, तिथं आखावर थेट ठोकलेला टणक साटाच, म्हणजे बसायचा तळच, पाहिजे. सडकेवर मात्र तोच साटा माणसाची हाडं खिळखिळी करतो. म्हणून हे पाटे. एका उलटलेल्या जीपच्या मागच्या चाकांवरचे, पोलादाच्या पट्ट्या एकावर एक बांधलेले, दोन बाजूंना दोन.

ते हिरासिंगानं आणले होते. दोन वर्षांपूर्वी कापसानं भरलेली बंडी जिनाच्या रांगेत पहिली लागावी म्हणून त्यानं बैल पळवले होते. आई वर कापसाच्या ढिगावर बसली होती. ‘हळू हाक रे’ असं ती दोनदा म्हणाली, ते त्यानं ऐकलं होतं. चाक खड्ड्यात गेलं आणि आई खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. वैद्यानं बांधलं, पण जे जुळलं ते वाकडंच जुळलं. मग कोणीतरी सांगितलं, पुसदला भंगारात एका ठेकेदाराची जीप पडली आहे, तिचे पाटे गाडीखाली लावले तर म्हातारीला दणका बसणार नाही. बैल आईसोबत ढाणकीला गेलेले. हिरासिंगानं वाट पाहिली नाही. पायी गेला, आणि दोन्ही पाटे डोक्यावर घेऊन पायी आला. मान आठ दिवस वळत नव्हती.

त्या दिवसापासून आई गाडीत असली की त्यानं कासरा हाती धरला नाही. बाजाराच्या दिवशी तिला उचलून गाडीत ठेवताना पाहावं लागू नये म्हणून तो पहाटेच शेतावर निघून जायचा.

“सापडला?” त्यानं विचारलं.

भावसिंगानं पाना वर करून दाखवला.

“जू लाव. याडीले बसव. आत्ताच्या आत्ता फुलसावंगीले चाल, रामराव मिस्त्रीकडे.”

“कायले?”

“हे नट काढून टाकतो अन् रिबिटा ठोकून घेतो. म्हणजे तुहा हातच पोचणार नाई पुन्हा. अन् थे मंजूर नसंन तर तुही चूल वेगळी. जोडी घे, पट घे, जाय.”

झोपडीच्या दारात सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“हिरा,” सुखीबाई म्हणाली, “तोंडाले लगाम घाल.”

“तू मधात बोलू नोको याडी. तुह्याचसाठी चाललं हे.”

“माह्यासाठी?” म्हातारीनं एकदा थोरल्याकडे, एकदा धाकट्याकडे पाहिलं. हातातल्या बलियांचा, पांढऱ्या बांगड्यांचा, आवाज करत तिनं पदर डोक्यावर ओढला. ती नेहमीच धाकट्याची बाजू घेते, असं हिरासिंगाचं मत होतं. मागच्या वर्षी पाटे नव्हते त्या महिन्यात त्यानं तिला रोज विचारलं होतं, लय दुखतं का. रोज तिचं उत्तर एकच, उलट बरं वाटून राह्यलं. धाकट्याला वाचवायला म्हातारी खोटं बोलते, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

तो पुढं चालत निघाला. मागं गाडीची चाकं वाजत होती, पण त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. वाटेत भेटलेल्या दोघांनी रामराम घातला, त्यांनाही त्यानं नुसतं हूं केलं.

रामराव मिस्त्री सुतारकी आणि लोहारकी दोन्ही करायचा. निंबाखाली भाता, शेजारी अर्धवट केलेलं चाक, आणि चाकाच्या तुंब्यावर त्याचा चहाचा कप. हे पाटे त्यानंच बसवले होते, आणि फुलसावंगीत जीपचे पाटे लावलेली पहिली गाडी आपल्या हातची, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

“रिबिटा?” तो म्हणाला. “काहून? नट ढिले होऊन राह्यले का?”

“नट ढिले नाई होत. ढिले करणारे हायेत घरात.”

रामरावानं भावसिंगाकडे पाहिलं. भावसिंग बैलांच्या तोंडाशी उभा होता आणि हरण्याचा कान कुरवाळत होता. घरातलं भांडण बाजारात आलं की ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही असं करावं, एवढी समज रामरावाला होती. तो वाकला, आखाखाली डोकं घालून नट पाहून आला.

“ठोकून देतो. पण एक सांगतो हिरासिंगभाऊ, रिबीट एकडाव ठोकली का मग हलवता येत नाई. भार पडल्यावर पाटा किती बसते, हे पाह्यल्याबिगर मी हातोडा नाई मारत. याडी खाली उतरली हाये, तिले एकडाव गाडीत बसव. जशी रोज बसते तशी.”

सुखीबाई निंबाच्या बुडाशी टेकून बसली होती.

“माह्याऐवजी धान्याचं पोतं ठिवा,” ती म्हणाली.

“पोतं कायले? ज्याच्यासाठी गाडी, त्याचाच भार पाहा लागते.”

दोघा भावांनी तिला दोन बाजूंनी धरलं. दोन वर्षांत आईला उचलायला हिरासिंगानं पहिल्यांदा हात लावला. ती इतकी हलकी झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि त्याचाही त्याला राग आला. साट्यावर पाय पडताच सुखीबाई गुडघ्यावर रांगत पुढं सरकली आणि दांड्यांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या फळीवर जाऊन बसली. फळी वीतभर रुंद. एक पाय मुडपलेला, दुसरा, मोडका, दांडीवरून खाली लोंबता.

“याडी, तिथं कायले?” हिरासिंग ओरडलाच. “मागे गादी हाये ना. मागे बस.”

“इथं बरं हाये.”

“मागे बस म्हणलं ना!”

सुखीबाईनं भावसिंगाकडे पाहिलं. भावसिंगानं मान खाली घातली. मग म्हातारी दोन्ही हात टेकत, फरफटत मागं गेली आणि कापूस भरलेल्या गादीवर बसली.

पाटे दबले. रेंगीचं बूड खाली गेलं, तशा दांड्या वर उठल्या. जू बैलांच्या मानेवरून उचललं गेलं आणि गळ्याखालून बांधलेली जोती दोघांच्या नरड्यात रुतली. हरण्यानं मान वर ताणली. पाखऱ्या खोकला, एकदा, दोनदा, त्याची जीभ बाहेर आली. भावसिंग दांडीला लोंबकळला तरी ती खाली येईना.

आणि कोणी काही बोलायच्या आत सुखीबाई पुढं आली. मोडका पाय साट्यावरून ओढत, दातावर दात दाबून, पण इतक्या सरावानं की तिला डोळे बांधले असते तरी ती त्याच फळीवर पोचली असती. ती फळीवर बसली. दांड्या खाली आल्या. पाखऱ्यानं फुरफुर करत श्वास सोडला.

रामरावानं गादी उचलून पाहिली. नव्या गादीसारखी ती फुगलेली होती. मग त्यानं फळीवरून बोट फिरवलं. वैद्याच्या तेलानं फळी काळी, गुळगुळीत झाली होती.

“गादी तं कोरीच हाये,” तो हळूच म्हणाला.

हिरासिंगाला ते समजायला वेळ लागला नाही, मान्य करायला लागला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, त्याची गेली, आणि बाहेर पडायला जी वाट सवयीची होती त्याच वाटेनं बाहेर पडली. तो भावसिंगावर धावला.

“तुले माहीत होतं!”

“होतं.”

“अन् तू दोन वर्ष तिले फळीवर बसवून नेलं? ढाणकीपर्यंत? अन् मले बोलला नाई?”

“याडीनं शपथ घातलती.” भावसिंगाचा आवाज चढला. आयुष्यात कधी नाही तो चढला. “नाल्यापर्यंत थे मागे बसे, तू शेतातून पाहशीन म्हणून. नाला लागला का पुढे सरके. मी म्हणो, मी दांडीवर बसतो अजून पुढे, मी पायी चालतो, काही बी करतो, तू मागेच बस. नाई ऐकत. म्हणून पाटे काढो मी! गाडी टणक झाली का सपाट राह्यते, मागे कडबा टाकला का याडी निजून जाये. मागल्या साली महिनाभर निजून गेली थे. निजून! अन् तू मले म्हणे, लाज नाई वाटत. परवाचा पट तुले सांगाले होता. मले पटाचं काय पडलं?”

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसं झालं होतं. हिरासिंगाचे हात उगारलेले होते, ते तसेच राहिले.

“याडी,” तो म्हणाला. “काहून?”

सुखीबाईला राग आला होता. तिच्या रागात आवाज नसायचा, पण नाकपुड्या थरथरायच्या.

“काहून म्हणजे? माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. सकाळी उठून पहिलं काम, जोत्याखाली दोन बोटं घालून पाह्यचं. बोटं गेली तं तांडा हालन, नाई तं नाई. अन् मी बैलाच्या नरड्यावर गादी टाकून बसू? माह्या खुब्यासाठी?”

“मले सांगतलं असतं तं मी पाटे काढून फेकले असते.”

“म्हणूनच नाई सांगतलं,” म्हातारी म्हणाली. “पुसदहून डोक्यावर आणलते तू. मान धरून आठ दिवस फिरत होता. तोंडानं कधी बोलला नाई तू माह्याशी त्या पडण्याबद्दल. थे पाटेच बोलले. थे कसे फेकाले लावू?”

हिरासिंग खाली बसला. आपल्याला कोणावर तरी ओरडायचं आहे आणि ओरडायला कोणी उरलेलं नाही, अशी त्याची गत झाली. शेवटी तो रामरावावर ओरडला.

“तू मिस्त्री हाये का कोण? असे कसे बसवले हे?”

“चुकलं,” रामराव म्हणाला, आणि तो उगाच म्हणाला नाही. पाट्यांजवळ वाकून तो वितीनं अंतर मोजत होता. “जीपवर जसे होते तसेच बसवले मी, आख बरोब्बर मधात. जीपले चार चाकं, तिले तोल कायले लागते? रेंगीले दोन. मागे भार पडला का गाडी उलाळ होणार नाई तं काय होईन! आख एक वीत मागे घेतला पायजे, म्हणजे मागे बसणाऱ्याचा भार पुढे येईन अन् जू मानेवर राहीन. अन् पटासाठी पाटे काढाची गरजच नाई. दोन लाकडी गुटके करून देतो. पाटा अन् साट्याच्या मधात ठोकले का गाडी टणक. पट झाला का काढून टाका, सडकेची गाडी तयार.”

इतकं साधं होतं. एक वीत आणि दोन गुटके. त्यासाठी दोन वर्षं घरात कोणी धड जेवलं नव्हतं. रामराव लगेच कामाला लागला. भट्टी पेटली, आख सुटला, नवी भोकं पाडली गेली. हिरासिंग भाता ओढत राहिला, गरजेपेक्षा जास्त जोरानं. भावसिंगानं बाभळीचे गुटके तासून दिले. दोघं एकमेकांच्या हातातली हत्यारं घेत होते, देत होते, पण बोलत नव्हते.

दुपार कलली तेव्हा काम झालं. सुखीबाईला गादीवर बसवलं. दांड्या जागच्या हलल्या नाहीत. हिरासिंगानं स्वतः जाऊन दोन्ही जोत्यांखाली दोन-दोन बोटं घातली. सहज गेली.

“भावसिंग,” तो पाठ न वळवता म्हणाला. “परवाच्या पटाले मी बी येतो. गुटके मी ठोकून देतो.”

त्यानं वळून पाहिलं तर भावसिंगानं कासरा दांडीला गुंडाळून ठेवला होता आणि तो पागोटं बांधत होता.

“मी नाई येत पटाले,” भावसिंग म्हणाला. “गाडी तुही, पाटे तुहे. तूच हाक. चूल वेगळी म्हणलतं ना सकाळी? मी मुकुटबनले जातो, सासऱ्याकडे. तिथं बी शेती हाये.”

“रागात म्हणलो मी.”

“तू कधी रागात नसते, भिया?”

आणि तो निघाला. तांड्याच्या वाटेनंच निघाला, कारण बायकोमुलं तिथं होती, पण गाडीची वाट न पाहता, लांब ढांगा टाकत. हिरासिंगानं हाक मारायला श्वास घेतला. ती हाकसुद्धा ओरडल्यासारखीच निघेल असं त्याला वाटलं, आणि तो नुसताच उभा राहिला.

“हिरा,” गाडीतून सुखीबाई म्हणाली. “चढ.”

“मी?”

“अजून कोण हाये इथं?”

रामराव विझलेल्या भट्टीकडे पाहत राहिला. हिरासिंगानं कासरा हातात घेतला. त्याचे मनगटाला दोन वेढे दिले. तो दांडीवर बसला आणि बैल हलले. गाव मागं पडलं. प्रत्येक खड्ड्याच्या आधी तो बैलांना इतकं आवरायचा की हरण्या वैतागून शेपटी झटकत होता. पुढं सडकेवर भावसिंगाचं पांढरं पागोटं लहान लहान होत चाललं होतं. पाठीमागे काही सरकल्याचा आवाज झाला.

“याडी, मागेच बस. आता काई नाई होत बैलाले.”

“माहीत हाये.”

मग त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. म्हातारी गादी ओढत पुढं आली होती आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. हिरासिंग ताठ झाला. खांदाही हलू नये म्हणून तो श्वास बेतानं घेऊ लागला. असा तो अर्धा कोस बसला. पागोटं आता नाल्याकडच्या वळणाला लागलं होतं. नाल्यापलीकडे तांडा. एकदा भावसिंग घरात शिरला की बोलणं तांड्यादेखत होणार होतं, आणि तांड्यादेखत बोललेला शब्द तो मागं घेणाऱ्यातला नव्हता.

“असा काय मुंगीवानी हाकते?” मान वळवून पुढं पाहत सुखीबाई म्हणाली. “पोट्टं दूर चाललं.”

“सडक खराब हाये, याडी.”

“मले दिसते सडक.”

“तू पडशीन.”

“माही पाठ हाये ना तुह्या पाठीले. पळव.” आणि मग, तो अजूनही कासरा ओढूनच धरतो आहे हे जाणवून, तिनंच जीभ टाळ्याला लावून बैलांना चक् केलं. “नाल्याच्या आत गाठला पायजे थो.”

हिरासिंगानं मनगटाचे वेढे सोडले आणि कासरा सैल केला.